पाठीवरचा भरवसा

गाद्यांच्या त्या कारखान्यात कामाच्या वेळी झोपायचा पगार एकाच बाईला मिळे. बाकीचे झोपले तर आपले फुकटच झोपत.

तिला सगळे मावशी म्हणत. त्याच कारखान्यात कापूस भरणारी तिची नणंद तेवढी वहिनी म्हणे, आणि तेही अशा ठसक्यात की ऐकणाऱ्याला वाटावं, वहिनी म्हणजे काही तरी गुन्हा असावा. मावशीचं काम असं की कापूस पिंजून, खोळीत भरून, टाके घालून गादी तयार झाली की ती तिच्या कोपऱ्यातल्या लाकडी फळ्यांवर यायची. मावशी चपला काढायची, गादीवर पाठ टेकायची, डोळे मिटून अंग सैल सोडायची. मग एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर. उठून एक तर "पास" म्हणायची, नाही तर खडूनं एका जागी फुली मारायची. फुलीपाशी टाके उसवले की माल निघायचाच. कधी कापसाची गाठ, कधी सरकी, कधी तुटलेल्या दाभणाचं टोक.

त्या पाठीच्या कथा तर विचारू नका. एका गादीवर पडून ती म्हणाली, "ही भरताना कुणीतरी शिंकलंय." चौकशी केली, तर नणंदेचं नाक लाल. दुसऱ्या एकीवर पडली न पडली तोच उठून बसली आणि म्हणाली, "ही रागानं शिवलीय." शिवणारा टाचण्या, म्हणजे तोंडात सदानकदा टाचण्या धरून बोलणारा तो गृहस्थ, खाली मान घालून कबूल झाला की सकाळी बायकोशी वाजलं होतं. यातलं निम्मं खोटं धरलं तरी उरलेलं निम्मं दुसऱ्या कुणाच्या पाठीला जमलं नसतं.

थोरल्या मालकांचा कारभारच तसा होता. नियम एकच. "ज्या गादीवर आपण झोपू, तीच लोकांना द्यायची. पुढचं तुमचं तुम्ही बघा." कोठीला कुलूप नाही, फाटकाशी पहारा नाही. उशिरा आलेल्याला कुणी बोलत नसे, त्यामुळे त्याची पंचाईत व्हायची. बोलणी खाल्ली असती तर हिशेब मिटला असता, न खाल्ल्यामुळे तो बिचारा दिवसभर दुप्पट राबायचा. एकदा एकानं एक उशी घरी नेली होती. काही दिवसांनी स्वतःच परत घेऊन आला आणि म्हणाला, "घ्या बाबा तुमची. हिच्यावर डोळाच लागत नाही."

मावशीचा नवरा याच कारखान्याच्या गाद्या पोचवायचा. डोक्यावर गादी घेऊन तो रस्त्यानं निघाला की लांबून फक्त गादीच पाय फुटून चाललीय असं दिसायचं. गेल्या थंडीत एका दुपारी तो म्हणाला, "जेवायच्या आधी जरा पडतो." पडला तो पडलाच.

मावशी रडली नाही. लोक येऊन बसले, वाट बघून गेले. नणंद दोघींच्या वाटचं रडली आणि मधेमधे डोळे पुसून वहिनीकडे बघत राहिली, चुलीवर ठेवलेलं दूध अजून वर का येत नाही असं बघावं तशी. ते दूध आलंच नाही.

मग मावशी कामावर आली. चपला काढल्या, गादीवर पाठ टेकली, डोळे मिटले. गादी मऊ लागली नाही, टणकही लागली नाही. गादी लागलीच नाही. डोळे उघडून छताकडे पाहिलं तेव्हा तिला कळलं की आपण आडव्या आहोत. ती थोडा वेळ तशीच राहिली, पाहुणा उशिरा का होईना येईल म्हणून दार उघडं ठेवावं तशी. कुणी आलं नाही. उठून ती म्हणाली, "पास."

त्या दिवसापासून सगळ्याच गाद्या पास होऊ लागल्या.

गंमत अशी की एकही तक्रार आली नाही. मावशी रोज वाट बघायची. आज पाठीत दाभण घुसलेलं एखादं गिऱ्हाईक दारात उभं राहील आणि म्हणेल, कोण ती बाई, दाखवा मला. पण कुणी येईना. लोक निवांत झोपत असावेत. सांगून टाकावं असं तिच्या मनात यायचं, पण सांगायचं तर तोंड उघडायला हवं, तोंड उघडलं की लोकांचे चेहरे बघायला हवेत, त्या चेहऱ्यांना उत्तरं द्यायला हवीत. तेवढी ताकद ती कुठून आणणार? "पास" हा शब्द लहान होता. तो उचलता यायचा.

एकदा ती शेगडीला पाठ लावून उभी होती. नणंद लांबून ओरडत आली आणि हातातला अख्खा पेला चहा तिच्या पाठीवर ओतला. "अगं, स्वेटर जळतोय तुझा! धूर निघतोय! नाक तरी आहे ना जाग्यावर?"

"आहे की," मावशी म्हणाली. "कसला तरी वास येत होता खरा."

नणंद तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चहा वाया गेला माझा." आणि निघून गेली.

अशात थोरल्या मालकांचे गुडघे गेले आणि कारखाना जावयाच्या हाती आला. जावई म्हणजे दहावा ग्रह, हे लोकांना ऐकून माहीत होतं. आता तो रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उगवू लागला. माणूस वाईट नव्हता. पण तो आला होता एका बड्या कंपनीतून, जिथं म्हणे संडासाचं दारसुद्धा कार्ड दाखवल्याशिवाय उघडत नसे आणि कार्ड विसरलेल्या एका कारकुनाला त्यापायी नोकरी सोडावी लागली होती. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. जावईबापूंचं तोंड कधी पोळलंच नव्हतं. त्यांनी पोळण्याबद्दल नुसतं वाचलं होतं, आणि वाचून पोळलेला माणूस पाणीसुद्धा फुंकून पितो.

भिंतीवर कलमं लागली. येण्याची वेळ, जाण्याची वेळ, हात धुण्याची वेळ. फाटकाशी पिशव्या उघडून दाखवायच्या. कोठीला कुलूप आणि किल्ली जावईबापूंच्या खिशात. ते बाहेर गेले की कापूस आत, माणसं बाहेर आणि दाभणं हवेत. चौथं कलम सगळ्यांत ठळक होतं. कामाच्या जागी कोणीही, कोणत्याही कारणानं आडवं होऊ नये.

"गादीच्या कारखान्यात!" नणंद म्हणाली. "उद्या खाणावळीत तोंड उघडायला बंदी करतील."

"मग मावशी काय उभ्यानं झोपणार?" टाचण्या टाचण्यांमधून म्हणाला. "घोडी आहे का ती?"

उत्तर दुसऱ्याच दिवशी गाडीतून उतरलं. भलं मोठं लोखंडी यंत्र आलं. त्याला जाडजूड रूळ, रुळाला काटा. गादी खालून सरकवायची, काटा हलला की गादी नापास. ते मावशीच्या कोपऱ्यालगत उभं केलं आणि वर कापड टाकलं. लोक त्याच्याकडे सवतीकडे बघावं तसं बघू लागले.

मावशीला मात्र बरं वाटलं. बरं म्हणजे काय, न दुखणाऱ्या जागेवर कुणी पट्टी बांधली तर वाटेल तितपत. या लोखंडाला कुणी मावशी म्हणणार नव्हतं. त्याच्या कथा कुणी सांगणार नव्हतं. ते चुकलं तर तेल घालतील. तिनं जाताजाता त्याच्या रुळावर हात ठेवून पाहिला. गार असेल, असं तिला वाटलं.

पण लोकांनी तिला विचारलं कुठं? दुपारी सगळे मिळून जावईबापूंच्या खोलीत शिरले आणि मावशीला पुढं घातलं. बोलायला नणंद.

"साहेब, पिशव्या बघा, वेळा लावा, आमचं काही म्हणणं नाही." म्हणणं पुष्कळ होतं, पण ती धोरणी बाई होती. "पण हा कारखाना उभा आहे तो या एका पाठीवर. थोरल्यांनी कधी तपासली नाही ती. भरवसा टाकला. एक तक्रार दाखवा, एक! आम्ही सगळे तुमच्या यंत्राला नमस्कार करू."

जावईबापूंनी तक्रारी शोधल्या होत्या. मनापासून शोधल्या होत्या. एकही मिळाली नव्हती, हेच त्यांना खुपत होतं.

"भरवसा म्हणजे न तपासलेली गोष्ट," ते म्हणाले. "तपासून बघू. उद्या पाच गाद्या मांडतो. एकीत मी खोट ठेवीन. मावशींनी ती ओळखली तर यंत्र परत जाईल आणि सगळी कलमं भिंतीवरून उतरतील. नाही ओळखली तर कलमं राहतील. आणि मावशी, तुम्ही..."

"घरी बसाल," नणंदेनं वाक्य पुरं केलं. "मंजूर!"

"मी त्यांना विचारतोय."

सगळे मावशीकडे बघू लागले. लेकराचा पहिला नंबर येणार हे आधीच ठाऊक असलेले आईबाप बघतात तसे. मावशीच्या लक्षात आलं की आता नाही म्हणायची वेळ आहे. तिनं ती वेळ समोरून जाताना पाहिली. मान हलवली ती मात्र हो म्हणून.

संध्याकाळी नळावर हात धुताना ती नणंदेला म्हणाली, "तुला एक सांगायचंय."

"परवा सांग."

"उद्याच्या आधी सांगायला हवं."

"वहिनी, तुझ्या सांगण्यानं आजवर कुणाचं भलं झालंय? लग्न होऊन आल्यावर सांगितलंस, माझा भाऊ घोरतो, तेव्हा आम्हाला काय नवीन कळलं?" नणंद खळाखळा हात झटकत होती. पाणी मावशीच्या तोंडावर उडत होतं. "उद्या नीट पडून राहा. कान उघडे ठेव. बस."

पाठीची परीक्षा आणि कान उघडे ठेव म्हणते. मावशीला ते विचित्र वाटलं, पण विचित्र वाटणंही हल्ली तिच्या उंबऱ्यापर्यंतच येई.

दुसऱ्या दिवशी सगळं काम थांबलं. पाच गाद्या ओळीनं मांडल्या होत्या, पाची एकसारख्या. जावईबापू हात मागे बांधून उभे, डोळे तांबारलेले. माणसं भिंतीला टेकून. मावशीनं चपला काढल्या.

पहिलीवर पडली. छत. दुसरीवर पडली. छत. तिसरीवर पाठ टेकली आणि टाचण्या खोकला. असा खोकला की तोंडातल्या टाचण्या फरशीवर खणखण सांडल्या. तो वेचायला वाकला तोवर नणंदेला ढास लागली. मग पिंजणारा खोकला, त्याच्या शेजारचा खोकला, दारातला हमाल खोकला. घटकेपूर्वी ठणठणीत असलेल्या माणसांत अशी साथ पसरली की बाहेरच्या झाडावरचे पक्षी उडाले.

मावशी छताकडे बघत होती. तिला कळलं.

यांना माहीत आहे. नुसतं आजचं नाही, सगळंच माहीत आहे. तिनं मान वळवली. नणंद तोंडावर हात धरून खोकत होती, वळून, आणि तिच्या पाठीला, थेट मानेपासून कमरेपर्यंत, कापसाचे धागे चिकटलेले होते. कापूस भरणारीचे हात माखतात, पुढची बाजू माखते. पाठ कशी माखेल? ती बाई रोज गाद्यांवर पडत होती. मावशीकडे यायच्या आधी प्रत्येक गादीवर कुणी ना कुणी पडत होतं. गाठी आधीच निघत होत्या. आणि वर्षभर आपण जे पास करत आलो ते आधीच पास झालेलं होतं.

आता काहीतरी वाटेल, असं मावशीला वाटलं. राग, लाज, माया, काहीही. तिनं जरा वाट पाहिली. काही आलं नाही.

चौथीवर पडली, पाचवीवर पडली. दोन्हीकडे खोकला एकदम साफ. ती उठून चपलांत पाय घालू लागली.

"कोणती?" जावईबापूंनी विचारलं.

टाचण्यानं तीन बोटं छातीशी धरून खाजवायला सुरुवात केली.

मावशीनं ती बोटं पाहिली. तिसरी म्हणायचं की झालं. शब्द फार मोठा नव्हता. पण तो म्हटला तर उद्या परत चपला काढायच्या, परवा परत, आणि नणंदेनं चोरून पडायचं, आणि सगळ्यांनी जन्मभर खोकायचं.

"पाची पास," ती म्हणाली. "मला कशात काही सापडलं नाही."

नणंदेनं कपाळावर हात मारला. त्याचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. पिंजणारा "अरेरे" म्हणाला.

जावईबापू मात्र चौथ्या गादीच्या कडेला हळूच टेकले. "मी कशातच काही ठेवलं नव्हतं," ते म्हणाले.

"काय?" नणंद ओरडली.

"माझ्या जुन्या कंपनीत असंच करायचे. खोट ठेवलीय म्हणायचं आणि ठेवायची नाही. नोकरी जाईल या भीतीनं माणूस कुठली तरी एक सांगतोच. सगळे सांगतात." ते मावशीकडे बघत होते. "आजवर पाची पास कुणी म्हटलं नव्हतं."

मग टाचण्या उसळला. "अहो, पण काल संध्याकाळी तुम्ही तिसऱ्या गादीवर वाकला होता! मी या डोळ्यांनी पाहिलं!"

जावईबापूंचे कान लाल झाले. "जरा... पडलो होतो. हल्ली झोप लागत नाही."

"कलम चौथं!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळा कारखाना असा हसला की खिडक्यांच्या काचा हलल्या. खरा खोकला आता लागला. पिंजणारा भिंतीवरची कलमं सोलायला धावलासुद्धा. नणंदेनं मावशीच्या गळ्यात हात टाकला. "जिंकलीस गं बये! काय डोकं चालवलंस!"

"थांबा," मावशी म्हणाली. तिला दोनदा म्हणावं लागलं. "तिसरीत कुऱ्हाड ठेवली असती तरी मी पासच म्हटलं असतं. माझ्या पाठीला काही लागत नाही. तो गेल्यापासून लागत नाही."

हसू विझलं. जावईबापू उठून उभे राहिले.

"वर्षभर?"

"वर्षभर."

"मग तक्रार कशी नाही आली?"

टाचण्यानं सगळ्या टाचण्या तोंडात घातल्या, म्हणजे त्याला बोलावं लागू नये. शेवटी नणंद म्हणाली, "आम्ही बघून घेत होतो. तिच्याकडे जायच्या आधी."

"कुणी सांगितलं होतं?"

"कोण सांगणार? तिला कळू नये म्हणून तर बघत होतो."

"केव्हा? कामाच्या वेळेत?"

"जेवायच्या सुट्टीत, साहेब. तुमचं चौथं कलम आलं तेव्हापासून खोळींच्या ढिगाआड."

जावईबापूंनी भिंतीकडे पाहिलं. तिथं याच्यासाठी कलम नव्हतं. न सांगता जास्तीचं काम करणाऱ्याचं काय करायचं, वर ते लपवणाऱ्याचं काय करायचं, आणि परीक्षेत पास झालेल्या नापास बाईचं काय करायचं? "ठरल्याप्रमाणे..." असं म्हणून ते थांबले. ठरल्याप्रमाणे मावशी जिंकलीही होती आणि हरलीही होती.

"साहेब," मावशी म्हणाली, "सगळी कलमं काढलीत तरी एक लावा. माझ्या पाठीवर कुणी विसंबू नये, असं."

"वहिनी!" नणंद ओरडली. "वर्षभर पोटाला चिमटा काढून आम्ही तुला सांभाळलं आणि तू भिंतीवर लावणार? सगळ्यांनी वाचायला?"

"हो."

"का?"

मावशीनं शोधून पाहिलं. "रोज पास म्हणताना कळायचं, आज कुणाच्या तरी पाठीत दाभण जाणार. कळायचं नुसतं. भीती वाटली असती तर केव्हाच सांगून टाकलं असतं. मला वाटत नाही गं काही. मग मला कुणीतरी बजावून ठेवायला नको का?"

पदार्थ करपल्यावर भांडं उचलून बाहेर नेतात तशी नणंद स्वतःला उचलून बाहेर घेऊन गेली.

पुढे बरीच कलमं उतरली, काही तशीच लोंबकळत राहिली. यंत्र परत न्यायला कुणी आलंच नाही. त्यावर लोक डबे ठेवू लागले. कोठीचं कुलूप राहिलं, पण किल्ली त्याच्याच शेजारी खिळ्याला लटकू लागली. पिशव्या तपासणं मात्र जावईबापूंना सोडवेना. रोज फाटकाशी उभे राहून ते पिशव्यांत डोकावत, आणि लोक पिशवी उघडता उघडता विचारत, "काल लागली का झोप?" ते म्हणत, "थोडी." एका नव्या गादीचं आडून आडून सुचवलं गेलं, पण मालकानं फुकट गादी घ्यावी की नाही याचं कलम त्यांना सापडत नव्हतं.

नवं कलम लागलं ते एवढंच होतं. कोणतीही गादी एका पाठीवर पास होणार नाही. दोन पाठी लागतील. मावशीचं नाव त्यात नव्हतं, तरी वाचताना सगळे खाली बघत.

दुसरी पाठ कुणाची, हे कुणी ठरवलं नाही. काही दिवस टाचण्या यायचा, संकोचून अगदी कडेला पडायचा आणि एकदा खालीही पडला. नणंद तोंड फिरवून कापूस भरत राहायची. घरी दोघी एकाच खोलीत स्वयंपाक करत होत्या, पण मीठ हवं असलं तर नणंद भिंतीला सांगायची.

मग एका सकाळी गादी फळ्यांवर आली आणि टाचण्या काही आला नाही. नणंद आली. तिनं चपला काढल्या, मावशीला ढोपरानं सरकवलं आणि शेजारी आडवी झाली.

"सरक. निम्मी जागा तूच खातेस. माझा भाऊ कसा झोपत होता कोण जाणे."

"घोरत होता," मावशी म्हणाली.

दोघी छताकडे बघत राहिल्या. पिंजणाचा आवाज येत होता. नणंद या कुशीवर वळली, त्या कुशीवर वळली, मग थांबली.

"इथं गाठ आहे," ती म्हणाली. मावशीचा हात धरून तिनं तो गादीवर एका जागी दाबला. "ही बघ. सुपारीएवढी. लागतेय?"

मावशीनं हात तिथंच ठेवला. बराच वेळ ठेवला.

"असेल," ती म्हणाली, आणि उठून खडू शोधू लागली.